मुलाखतींमधली नावं काढून टाकली की डेटा खुला करायला हरकत नाही ना?

तुमचा प्रश्न असा: पीएच.डी.साठी पुण्यातल्या १२० घरकामगार बायकांच्या मुलाखती घेतल्यात, नियतकालिक आता डेटा मागतंय, तर नावं आणि फोन नंबर काढून एक्सेल शीट देऊन टाकू का?

एवढ्यावर देऊ नका. मी बारा वर्षं इथल्या वस्त्यांमध्ये सर्वेक्षणं करते आहे, आणि हीच चूक माझ्या हातून होता होता राहिली.

जनता वसाहतीतलं काम होतं. नावाचा रकाना मी उडवला होता. शीट पाठवायच्या आधी, आमच्याबरोबर घरोघर फिरलेल्या ताईंना ती सहज दाखवली. एका ओळीशी त्या थांबल्या. वय ५२, माहेर परांडा, जुळ्या मुली, तीन घरच्या पोळ्या. पुढच्या रकान्यात नवऱ्याच्या मारहाणीबद्दलचं उत्तर. "अहो, ही तर आमच्याच गल्लीतली," असं म्हणून त्यांनी नावही सांगितलं. त्या बाईंनी ते उत्तर मला दार लोटून घेऊन दिलं होतं. मी त्याच दिवशी ती शीट मागे घेतली.

माणूस नावावरून कमी आणि तपशिलांच्या जुळणीवरून जास्त ओळखू येतो. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लॅटानिया स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतात. आपल्या वस्तीत तर एक जुळं पुरतं.

म्हणून वयाऐवजी गट ठेवा, ५० ते ५९ असा. माहेरचं गाव काढून नुसतं 'मराठवाडा' लिहा. वस्तीचं नाव काढा. मग रकाने एकत्र लावून बघा: एखाद्या ओळीसारख्या निदान पाच ओळी सापडत नसतील, तर गट आणखी मोठे करा. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाईलमध्ये ठेवा, गाईडच्या पेनड्राइव्हवर नको.

मुलाखतींची लिखित प्रत मात्र अशी झाकता येत नाही, बाई बोलते त्या बोलीतूनच ती कळते. त्यासाठी झेनोडोसारख्या रिपॉझिटरीत, म्हणजे संशोधनाचा डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन भांडारात (ही सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची संशोधनसंस्था चालवते), डेटाची माहिती आणि डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक, सगळ्यांना दिसतो, पण फाईल मागितल्याशिवाय मिळत नाही, असं ठेवता येतं. नियतकालिकाला तसं स्पष्ट कळवा, बरेच संपादक ते मान्य करतात.

पण या सगळ्याच्या आधी संमतीपत्र काढून वाचा. 'माहिती फक्त याच संशोधनासाठी वापरली जाईल' हे वाक्य आपण सगळेच जुन्या फॉर्मवरून उतरवून घेतो. ते छापलेलं असेल तर परत जाऊन विचारायला हवं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट आहे, पण दिलेल्या शब्दातून तो कायदा तुम्हाला मोकळं करत नाही.

आणि तरीही डेटा द्याच, असं मी म्हणेन. त्याच वस्त्यांमध्ये पुन्हा पुन्हा नवे विद्यार्थी जातात, तेच प्रश्न विचारतात, आणि पोळ्या आटोपून आलेली बाई अर्धा तास पुन्हा तेच दुखणं उगाळत बसते. तुमचा डेटा नीट ठेवलेला असेल तर यातल्या काही फेऱ्या वाचतील.

नीट म्हणजे दुसऱ्याला कळेल असा. मला एकदा मिळालेल्या फाईलमध्ये महिन्याच्या सुट्ट्या ९९ होत्या. 'उत्तर दिलं नाही' याचा तो कोड होता, पण कुठेच लिहिलेला नव्हता. प्रत्येक कोडचा अर्थ साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून सोबत जोडा. एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात.

तुमच्या संमतीपत्रावर नेमकं काय छापलंय? ते वाक्य जसंच्या तसं कळवलंत, तर बायकांना परत काय आणि कसं विचारायचं ते सांगते.