शेअर महाग आहे, म्हणून शॉर्ट मारू का?

महाप्याला नोकरी, हाताशी ३ लाख, आणि एका कंपनीचा पीई (भाव कमाईच्या किती पट) १८० च्या वर गेलाय म्हणून ती पडणारच ही खात्री. शेअर फ्यूचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) आहे, तर एक लॉट (ठरलेल्या संख्येचा गठ्ठा) शॉर्ट मारून, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात परत घ्यायच्या बेताने, महिनाभर बसू का, असं तुम्ही विचारलंय.

शेअर महाग आहे हे मान्य. पण नुसत्या महागाईवर शॉर्ट मारू नका, कारण भाव कधी उतरणार हे पीई सांगत नाही आणि तुमच्या सौद्याला मात्र एक्स्पायरी, म्हणजे संपायची तारीख, असते. घोडबंदर रोडचे फ्लॅट फार चढलेत, आता उतरतील, हे ठाण्यात इतकी वर्षं ऐकतोय की तेव्हा तसं म्हणणाऱ्यांची मुलं आज तिथेच हप्ते भरतात. फ्लॅट न घेणाऱ्याला निदान नुसतं थांबता येतं. फ्यूचर शॉर्ट केलेल्याला भाव वर गेला की रोजच्या रोज फरक रोख भरावा लागतो.

समजा शेअर १,२०० रुपये, लॉट ५०० चा. म्हणजे सौदा ६ लाखांचा, मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) सव्वा-दीड लाख. असला चर्चेतला शेअर एका बऱ्या तिमाही निकालावर १५ टक्के सहज चढतो. गेले ९०,०००. वर अस्थिरता वाढली म्हणून मार्जिनही वाढवून मागतात. दोन महिन्यांनी शेअर ८०० ला आला तरी तुमचा लॉट तोवर कापला गेलेला (ब्रोकरने बंद केलेला) असेल. विकत घेणाऱ्याचं नुकसान १,२०० वर थांबतं, शॉर्टला वर छप्पर नाही.

फोक्सवॅगनचं २००८ चं प्रकरण वाचा. मंदीत गाड्या कोण घेणार, म्हणून फंडांनी शॉर्ट केलेलं. तर्क चूक नव्हता. ऑक्टोबरात पोर्शेने ७४ टक्के हिस्सा आपल्या ताब्यात असल्याचं जाहीर केलं, कव्हर करायला (विकलेले परत घ्यायला) बाजारात शेअरच उरले नाहीत आणि भाव दोन दिवसांत २०० युरोंच्या आसपासवरून १,००० च्या पुढे गेला. पुढे तो उतरलाच, पण शॉर्टवाले आधीच बाहेर फेकले गेले होते. आपल्याकडे १९८२ मध्ये रिलायन्समध्ये कलकत्त्याच्या मंदीवाल्यांची अशीच कोंडी झाली होती, समोरून डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष शेअर, मागितली गेल्यावर.

फ्यूचर्सऐवजी कॅशमध्ये, म्हणजे थेट शेअरमध्ये, शॉर्ट करायचं तर इंट्राडेच, त्याच दिवसापुरतं. साडेतीनच्या आत कव्हर झालंच पाहिजे, आणि तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये. ब्रोकर स्वतः सौदा कापतो हे खरं, पण एफ अँड ओत (फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये) नसलेला शेअर अपर सर्किटला (दिवसाच्या कमाल भावमर्यादेला) अडकला तर तोही काय करणार, विकणाराच नसतो. मग ऑक्शन, म्हणजे तुम्ही न दिलेले शेअर एक्स्चेंज लिलावात घेतं, आणि तिथला भाव तुमच्या हातात नाही. एसएलबीत शेअर उसने घेऊन विकता येतात, २००८ पासून सोय आहे, पण बहुतेक शेअर्सना तिथे देणारा सापडत नाही.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. आपण उरलेल्या सातांतले, असं त्या सगळ्यांनाच वाटत असणार.

मी तुमच्या जागी असतो तर शेअर चढत असताना हात लावला नसता. निकाल बिघडले, प्रवर्तकांनी हिस्सा विकला, चांगल्या बातमीवरही भाव वाढेना, असं काही दिसल्यावरच विचार. तेव्हाही फ्यूचर नाही, पुट, म्हणजे ठरल्या भावाला विकण्याचा हक्क. ३० रुपये प्रीमियमने (त्या हक्काची किंमत) ५०० चा लॉट म्हणजे १५,०००, जायचे तर तेवढेच जातील. जातीलही, कारण शेअर नुसता जागेवर राहिला तरी प्रीमियम रोज झिजतो. म्हणून ३ लाखांतले यात किती घालायचे ते आधी ठरवा. एका कल्पनेवर १५,००० च्या वर मी जाणार नाही.

आणि एक्स्पायरीचा आठवडा लागायच्या आत पुट विकून मोकळे व्हा. शेअरचा पुट एक्स्पायरीला इन द मनी (भाव ठरल्या भावाच्या खाली) राहिला तर प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात, आणि ते तुमच्या डीमॅटमध्ये नाहीत.