कट चित्राला द्या, आवाजाला नको

बाइक राइडच्या व्हिडिओतली तुमची अडचण मला कळली ती अशी: हेल्मेटच्या हनुवटीवर, हँडलवर आणि मागच्या सीटजवळ असे तीन कॅमेरे, हेल्मेटात कॉलर माइक, सायलेन्सरजवळ वेगळा रेकॉर्डर. अँगल बदलला की इंजिनचा आवाज उडी मारतो, आणि बोलणं त्यात बुडून जातं.

उडी बसते कारण मल्टिकॅममध्ये, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र एडिट करताना, चित्राबरोबर त्या कॅमेऱ्याचा आवाजही बदलतोय. फक्त व्हिडिओ बदलायची सोय बहुतेक एडिटरमध्ये असते, ती आधी शोधा. मग इंजिनसाठी सायलेन्सरचा एकच ट्रॅक सलग ठेवा, बोलण्यासाठी कॉलर माइकचा. तिन्ही कॅमेऱ्यांचे आवाज सिंकपुरते, म्हणजे सगळे ट्रॅक वेळेत जुळवण्यापुरते, वापरा आणि म्यूट करा. डिलीट नको, रस्त्यात कुणी हाक मारली तर ती कदाचित त्यांच्यातच सापडेल.

सायलेन्सरचा आणि हँडलवरच्या कॅमेऱ्याचा असे दोन ट्रॅक एकत्र वाजवले की इंजिन भरदार होईल, असं मीही बरेच दिवस समजत होतो. झालं उलटंच, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. ध्वनीला १ मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. एकच ठोका दोन माइकवर मागेपुढे पोचतो आणि काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. हँडलचा ट्रॅक हवाच असेल तर १२-१५ डेसिबल खाली.

सिंकसाठी निघण्याआधी इंजिन बंद ठेवून जोरात टाळी, आणि परतल्यावर पुन्हा एक. दुसरी टाळी बहुतेक जण विसरतात. प्रत्येक उपकरणाचं घड्याळ जरा वेगळं चालतं, त्यामुळे सगळं ४८ किलोहर्ट्झवर असलं तरी तासाभरात एक-दोन फ्रेमचा फरक पडू शकतो. शेवटच्या टाळीवरून तो किती ते कळतं. मी ट्रॅक ताणत बसत नाही. गाडी जिथे थांबली तिथे कापतो आणि सरकवतो.

आता बोलणं. कॉलर माइकवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा, वाऱ्याची बरीच घरघर तिथेच असते. हाच फिल्टर इंजिनवर मात्र लावू नका. एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीत दोन फेऱ्यांमागे एक ठोका पडतो, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला २५. त्याच्या पटी ५०, ७५, १००. शंभरला कापलंत तर धडधड गेली, उरली नुसती फटफट. त्याऐवजी इंजिनमधून १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबल दाबा, शब्दांना तेवढी जागा पुरते.

ऑटो डकिंग (बोलणं आलं की इंजिन आपोआप खाली करणारी सोय) लावणार असाल तर रिलीज, म्हणजे आवाज परत वर येण्याचा वेग, हळू ठेवा, नाहीतर इंजिन प्रत्येक शब्दामागे धापा टाकतं. मला हाताने कीफ्रेम (आवाजाची पातळी कुठे बदलायची त्या खुणा) टाकणं बरं वाटतं: वाक्याआधी अर्धा सेकंद खाली, पूर्ण मुद्दा संपल्यावरच वर. वेळखाऊ आहे, पण ऐकणाऱ्याला कळतही नाही.

रेकॉर्डरचा ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं, बंद करा. तो आयडलला आवाज फुगवतो आणि थ्रॉटल पिळला की दाबतो, म्हणजे पिकअपची सगळी मजा गेली. पूर्ण थ्रॉटलवर पीक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन हाताने लावा. आणि रेकॉर्डरला गाडीच्या यूएसबीवरून वीज देऊ नका. माझ्या एका ट्रॅकमध्ये बारीक शिट्टी होती, आरपीएमबरोबर वर चढणारी. दोन संध्याकाळी फिल्टर लावत बसलो. शिट्टीच जागा बदलत असेल तर फिल्टर पकडणार काय? रेकॉर्डर पॉवर बँकेवर घेतला, शिट्टी गेली.

सलग ट्रॅकचा नियम मी एकाच ठिकाणी मोडतो: रस्त्याकडेला ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून गाडी समोरून जाते तो शॉट. तिथे त्या कॅमेऱ्याचाच आवाज हवा, नाहीतर गाडी ठिपक्याएवढी झाली तरी सायलेन्सर कानाशीच. शिवाय १०० मीटरवरून आवाज यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, म्हणजे ३० फ्रेमच्या व्हिडिओत ९ फ्रेम. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) बघून ऑटो सिंक केलंत तर चित्रच तेवढं सरकेल, म्हणून तो शॉट चित्र बघून जुळवा.