झुरळं आणि धान्यातले सोंडे औषध न मारता कसे घालवायचे?

झुरळांचं आधी सांगून टाकते. बोरिक पावडर, कणीक आणि थोडी साखर पाण्यात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. रात्री सिंकखाली, फ्रीजमागे, शेगडीच्या मागे ठेवा. अंडी यातून वाचतात, म्हणून महिन्याभराने पुन्हा ठेवायच्या. तमालपत्र, कापूर, काकडीच्या साली यांच्या नादी लागू नका.

पण धान्याबद्दल विचारताना तुम्ही लिहिलंय, "शेजारी म्हणतात गोळ्या टाका, एकदाची कटकट मिटते." ते वाचून राहवलं नाही. घरात लहान बाळ आहे म्हणता, मग धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्या उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नका.

बार्शीला आमच्या थोरल्या दिरांनी गव्हाच्या कोठीत तसल्याच गोळ्या फडक्यात बांधून टाकल्या होत्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. कोठी माजघरात, आणि सुट्टीला आलेली पोरं तिथेच अंथरुणं टाकायची. संध्याकाळी मला सडक्या लसणासारखा वास आला. पोरांना अंगणात काढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि त्या रात्री कुणालाच आत झोपू दिलं नाही. भाऊजी चिडले. "सगळं गाव वापरतंय, तुलाच बरा वास येतो!" हवेतल्या दमटपणानं त्या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही, हे मी तेव्हाही सांगितलं. घरगुती वापरासाठी ती विकायची परवानगीसुद्धा नाही. "मग पोती पोती धान्याला ऊन दाखवत बसायला वेळ कुणाला आहे?" हा त्यांचा खरा मुद्दा. ते काम आधी सासूबाईंनी केलं, नंतर मी. भाऊजींनी कधीच नाही.

वेळ लागतोच. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. चाळलेला गहू स्वच्छ दिसतो, आणि पावसाळ्यात कोठी उघडली की सगळं भुसभुशीत पीठ. म्हणून एप्रिल-मेच्या कडक उन्हात गच्चीवर पातळ पसरायचा, मधूनमधून हात फिरवायचा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला की वाळला. गरम असताना भरू नका, आत घाम धरतो. रात्रभर निवू द्या. तळाशी उरलेल्या जुन्या गव्हावर नवा ओतायचा नाही. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवलेलाच घाला, ओल्यानं बुरशी येते. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा आणि शिजवताना कढत पाण्यानं धुऊन घ्या.

फ्लॅटला ऊन नसेल तर वर्षाचं भरूच नका, महिन्याचं आणा. रवा-मैदा आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

आणि हो, बोरिक पावडरही विषच आहे. बाळ रांगत असेल तर झुरळांच्या गोळ्या त्याचा हात पोचणार नाही अशाच जागी ठेवा. तांदळाला बोरिक चोळायची पद्धत आमच्याकडेही होती. भाऊजींनी त्या भांडणात तेच काढलं होतं, "आई बोरिक लावते ते चालतं का?" नाही, तेही चालत नाही.