फ्लॅट नको, नोकरीही सोडू नका. आधी मावशी शोधा

नमस्कार,

तुमची मेल रात्री पावणेदोनला आलेली दिसली. पाठवून झाल्यावर तुम्ही झोपलात की धाकट्याची बाटली उकळायला उठलात, कोण जाणे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. यांच्या पत्नी सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिन करतात, पहिलं वर्ष, म्हणजे जेआर-वन. हे स्वतः एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, फिरत्या पाळ्यांमध्ये. मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. मुलगा चौदा महिन्यांचा. आजवर यांच्या आईंनी दोन्ही मुलं सांभाळली. पण त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, शिवाय गावी वडील एकटे. दिवाळी झाली की त्या परत जाणार. त्यामुळे एमडी संपेपर्यंत, म्हणजे तिथून साधारण अडीच वर्षं, आपण नोकरी सोडून घरी राहावं का, असा यांचा प्रश्न. सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच: साठलेल्या ११ लाख ४० हजारांत ५२ लाखांचा फ्लॅट बुक करून टाका, भाड्याचे पैसे किती दिवस पाण्यात घालणार?

पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. शेजारच्या काकू दारात मोठ्याने बोलायला लागल्या की तुमची लेक ओठांवर बोट ठेवून सांगते, ‘हळू बोला, आई पोस्ट-ड्युटी आहे,’ म्हणजे सलग ड्युटी संपवून घरी आलेली. साडेचार वर्षांच्या मुलीला हा शब्द माहीत असणं, यात तुमच्या घराचा सगळा ताळेबंद आला.

आधी फ्लॅट, कारण तो लवकर निकालात निघतो. बँक ८० टक्के कर्ज देईल असं धरलं तरी तुमचे १० लाख ४० हजार लागतील. इमारत बांधकामाधीन आहे, म्हणजे ५ टक्के जीएसटी, २ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ३ लाख १२ हजार, नोंदणीचे ३० हजार. बेरीज १६ लाख ४२ हजार. तुमच्याकडे एफडी, म्युच्युअल फंड आणि पीपीएफ मिळून ११ लाख ४०. म्हणजे सगळं मोडून, वर पाच लाख उसने घेऊन, हातात काय? अडीच वर्षांनी मिळणारी किल्ली. ४१ लाख ६० हजारांचा वीस वर्षांचा हप्ता ८ टक्क्यांनी ३४,८०० रुपये होतो. ताबा मिळेपर्यंत भाडं सुरूच. शिवाय बँक पत्नीच्या विद्यावेतनाला पगार मानेलच असं नाही.

सासऱ्यांना एवढंच दाखवा: आज भाडं १४ हजार, वर्षाचे १ लाख ६८ हजार. त्या कर्जावर पहिल्या वर्षीचं नुसतं व्याज ३ लाख ३० हजारांच्या आसपास. पाण्यात जाणारे पैसे कुठे जास्त आहेत, ते त्यांना बरोबर कळेल. आयुष्यभर व्यवहार केलेला माणूस आहे.

आणि याहून मोठं कारण बाँडचं आहे. सरकारी कॉलेजातून एमडी केल्यावर एक वर्षाची सेवा द्यावी लागते, नाहीतर ५० लाखांचा दंड. ती जागा कोणत्या गावात निघेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्यानंतर सुपरस्पेशालिटीची परीक्षा दिली तर आणखी तीन वर्षं, कदाचित दुसऱ्या राज्यात. ज्या शहरात आपण राहू की नाही तेच ठाऊक नाही, तिथे वीस वर्षांचं कर्ज काढणं मला पटत नाही. भाडेकरू ठेवू म्हणाल, तर ३४,८०० च्या हप्त्यासमोर १४ हजार भाडं. राहू द्या.

आता नोकरी. लोक काय म्हणतील, हे तुम्ही विचारलं नाहीत, याचं कौतुक वाटलं. बाप घरी राहिला म्हणून काही बिघडत नाही. मी फक्त हिशेबाचं बोलते.

तुमचे हातात येणारे ६१ हजार, त्यांचं विद्यावेतन ७८ हजार. एकूण १ लाख ३९ हजार. खर्च तुम्ही नीट लिहून पाठवलाय: भाडं १४ हजार, किराणा-दूध-डायपर २४ हजार, शाळा साडेचार, पेट्रोल-वीज-फोन ९ हजार, गाडीचा हप्ता ८,७००, विम्याची पॉलिसी महिन्याला ५ हजार पडते, एसआयपी १५ हजार, गावी ६ हजार, किरकोळ १५ हजार. (किरकोळ १५ हजार लिहिणारा माणूस प्रामाणिक असतो. बाकीचे लोक मला ३ हजार लिहून पाठवतात.) बेरीज १,०१,२०० आणि शिल्लक ३७,८००.

नोकरी सोडलीत आणि एसआयपी थांबवलीत, तर दरमहा ८,२०० कमी पडतील. तीस महिन्यांचे २ लाख ४६ हजार. एफडी साडेसहा लाखांची आहे, त्यातून निघतील. म्हणजे नोकरी सोडली की घर बुडेल, असं अजिबात नाही, आणि तसं सांगून मी तुम्हाला घाबरवणार नाही. पण न मिळालेला पगार १८ लाख ३० हजार. त्यावर कंपनीचा पीएफमधला वाटा, तुमच्या ३१ हजार मूळ पगारावर महिन्याला ३,७२०. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते: कंपनीत तुम्हाला सव्वाचार वर्षं झालीत. पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते, मूळ पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, साधारण ८९ हजार. नऊ महिने राहिलेत. दिवाळीनंतर राजीनामा दिलात तर ते हातचे घालवाल.

तरीही, हे सगळं बाजूला ठेवलं तरी मी ‘नका सोडू’ म्हणाले असते, ते तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी. कंपनीच्या गट विम्यात आईवडील आहेत, तीन लाखांचं कवच. गट विम्यात बहुतेक वेळा जुन्या दुखण्याला थांबावं लागत नाही. नोकरी सुटली की हे कवच गेलं, आणि बाहेर आईंसाठी नवीन पॉलिसी घेतलीत तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवतात. सांधा बदलायचा सल्ला डॉक्टरांनी दिलाच असेल, तर तो तुम्ही नोकरीत असतानाच बदलून घ्या. एचआरकडून पॉलिसीचा कागद मागवा आणि सांधेरोपणाला मर्यादा आहे का, ते या आठवड्यात वाचा. घरात डॉक्टर आहेत म्हणून हे काम त्यांच्यावर ढकलू नका. त्यांना वॉर्डातले कागद पुरे आहेत.

मग मुलांचं काय? ही अडीच वर्षं पैसे वाढवायची नाहीत, घरात माणसं वाढवायची आहेत. तुम्ही एकटे घरी बसलात तर घरात एकच जोडी हात वाढते, तीही सगळ्यात महागाची. ६१ हजारांची.

मी मांडलेलं असं आहे. सकाळी आठ ते रात्री आठ सांभाळणाऱ्या मावशी, तुमच्या शहरात १५ हजारांत मिळतात असं तुम्हीच लिहिलंय. पोळी-भाजी करणाऱ्या दुसऱ्या बाई, ५ हजार. शाळा सुटल्यावर मोठीसाठी पाळणाघर, साडेपाच हजार. मावशी असताना पाळणाघर कशाला, असं तुमच्या आई विचारतील. मावशींच्या घरी लग्न निघतं, त्यांचा मुलगा आजारी पडतो. त्या दिवशी धाकट्यालाही ओळखीच्या पाळणाघरात सोडता यायला हवं. आणि मुलाला ताप असला की पाळणाघर घेत नाही, तेव्हा मावशी लागतात. एकाला दोन पर्याय नसले की सगळा भार तुमच्या रजांवर येतो, आणि वर्षाच्या रजा ऑगस्टातच संपतात.

अडीच हजार रुपये रिक्षाचे. यावर माझ्याशी वाद घालू नका. माझी धाकटी बहीण भूलशास्त्रात एमडी करत होती, तेव्हा सलग ड्युटी संपवून स्कूटीवर घरी येताना सिग्नलला उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. मागच्याने हॉर्न दिला म्हणून जाग आली, स्कूटी आडवी आणि गुडघा फुटलेला. त्यानंतर आमच्या वडिलांनी ओळखीचा रिक्षावाला महिन्यावर लावून दिला. इमर्जन्सी ड्युटी संपवून येणाऱ्या माणसाच्या हातात गाडीची किल्ली नको.

हे झाले २८ हजार. मावशी आणि पोळीवाल्या बाईंना दिवाळीला एक पगार द्यायचा, त्याचे महिन्याला १,७०० बाजूला टाका. मावशींना आठवड्याची सुट्टी आणि अडीअडचणीला पगारी रजा द्या. टिकणाऱ्या मावशी अशाच टिकतात. एकूण २९,७००. म्हणजे शिलकीतूनच भागतं, एफडीला हात लागत नाही, आणि तीस महिन्यांचे ९ लाखांच्या आत-बाहेर, १८ लाखांच्या निम्मे.

कंपनीत कायम जनरल शिफ्ट मागा. रात्रपाळीचा साडेतीन हजारांचा भत्ता बुडेल, बुडू दे. त्यांची इमर्जन्सी आणि तुमची रात्रपाळी एकाच दिवशी आली तर मुलं कोणाकडे झोपणार, याला पैशात उत्तर नाही.

एफडी मात्र नुसती पडून राहणार नाही. एमडीत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, डीआरपी म्हणतात त्याला, तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी. ते तीन महिने तुमच्या पत्नी कदाचित दुसऱ्या गावी असतील. दुसरी खिंड शेवटच्या परीक्षेच्या आधीची. या दोन्ही वेळांना तुम्ही बिनपगारी रजा घ्या: डीआरपीला तीन महिने, परीक्षेला दीड महिना. साडेचार महिन्यांचे पावणेतीन लाख, एफडीतून. घरी राहायचं तुमच्या मनात आहेच, तर ते तीस महिने पातळ करून ताणण्यापेक्षा जिथे खरंच लागेल तिथे दाट वापरा. अर्ज आधी द्या, ग्रॅच्युइटीच्या सेवेत ही रजा कशी धरतात ते एचआरकडून लेखी घ्या, आणि जमलं तर पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच रजेवर जा.

उरलेल्या एफडीतले तीन लाख कधीच मोडायचे नाहीत. विद्यावेतन थकल्याच्या आणि मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपाच्या बातम्या आपण दर एक-दोन वर्षांनी वाचतोच. दोन महिने पैसे आले नाहीत तर दूधवाल्यापुढे तोंड लपवायची वेळ येऊ नये.

बाकी भराभर. मामांकडून घेतलेली ती विम्याची पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवा. चार हप्ते झालेत, वर्षाचे ६० हजार सुटतील. मामा रागावतील, पुढच्या लग्नात बोलतील. त्या ६० हजारांतून दोघांचे टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ आयुर्विमा, काढा, आणि पत्नींचा आधी, एक कोटीचा, सोबत अपघाती अपंगत्वाचं कवच. आज त्यांची कमाई ७८ हजार दिसते म्हणून फसू नका. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे त्यांचं हे शिक्षण. वैयक्तिक टर्म आणि आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेवढं स्वस्त पडेल. एसआयपी १५ वरून ५ हजारांवर आणा, अपराधी वाटून घेऊ नका. लेकीचं सुकन्या खातं वर्षाला २५० रुपये भरूनही चालू राहतं. आत्ता एवढंच भरा. विद्यावेतनावर टीडीएस कापत असतील तर विवरणपत्र भरून परत मागा, नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्यावर येतो.

एक विचारू का? पत्रात सगळीकडे ‘मी ठरवतोय’ आहे. तुम्ही नोकरी सोडायचं म्हणताय, हे त्यांना माहीत आहे ना? बरेचदा होतं काय, नवरा नोकरी सोडतो आणि बायकोच्या मनात बसतं की माझ्या एमडीपायी यांनी सोडली. पुढे ती आजारी असली तरी सुट्टी मागत नाही. पुढच्या पोस्ट-ड्युटीला नको, त्याच्या पुढच्या दिवशी, साप्ताहिक सुट्टी मिळाली तर चहा करून हा कागद त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी आकडे खोडले तर खोडू द्या.

आणि मावशी दिवाळीनंतर शोधायला लागू नका. तीन आठवडे आधी कामावर बोलवा, तुमच्या आई घरात असतानाच. धाकट्याला वरणभात कुठल्या वाटीत लागतो, झोपताना तो कोणाच्या पदराचं टोक धरतो, हे मावशींना आईंकडूनच कळायला हवं. त्या तीन आठवड्यांचे दहा-अकरा हजार जास्त जातील, ते किरकोळ १५ हजारांत लिहा.