घरच्या वायफायवर बँकेची साइट उघडत नाही, मोबाइल डेटावर उघडते. राउटर बदलू का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय की बोरिवलीत केबलवाल्याचं ब्रॉडबँड आहे, बाकी साइट चालतात आणि बँकेचं पान नुसतं फिरत राहतं, एरर येत नाही. यातला शेवटचा तपशील सगळ्यात कामाचा. डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा) घोळ असता तर ब्राउझरने बहुधा ‘साइट सापडत नाही’ म्हणून लगेच हात वर केले असते.

आधी तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावा. उघडली साइट? मग लॅपटॉप सुटला, संशय लाइनीवर.

माझा पहिला संशय एमटीयूवर. नेटवर डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो; एक पॅकेट जास्तीत जास्त किती बाइटचं असू शकतं, तो आकडा म्हणजे एमटीयू. केबलवाल्याने राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून दिला असेल, तर लाइन बहुधा पीपीपीओई आहे, म्हणजे लॉगिन करून जोडली जाणारी. त्यात प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२च उरतात. छोटी पॅकेट निघून जातात, कनेक्शन जुळतं. पण बँकेचा सर्व्हर सर्टिफिकेट (आपली ओळख पटवणारा दाखला) पाठवतो तेव्हा पहिलं मोठं पॅकेट येतं आणि तेच वाटेत गळतं. ‘पॅकेट लहान करा’ हा निरोप कडक फायरवॉल अडवते, त्यामुळे सर्व्हरला पत्ताच नसतो. म्हणून ठरावीक साइटच अडकतात.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये १.१.१.१ ला पिंग करा, सोबत डॅश एफ (पॅकेट तोडू नको) आणि डॅश एल १४६४ (पॅकेटचा आकार) द्या: ping 1.1.1.1 -f -l 1464. गेलं, म्हणजे उत्तर आलं, तर १४९२ ची वाट मोकळी आहे. नाही गेलं तर दहा-दहाने उतरा. जो सर्वात मोठा आकडा जाईल त्यात हेडरचे २८ बाइट मिळवा. तो तुमचा एमटीयू. राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनीच्या) सेटिंगमध्ये तो भरा, एमएसएस क्लॅम्पिंगचा (समोरच्याला लहान पॅकेट पाठवायला लावणारा) पर्याय दिसला तर चालू करा आणि राउटर रीस्टार्ट करा.

फरक नाही पडला, तर लॅपटॉपच्या नेटवर्क ॲडॅप्टरच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) ची खूण काढून बघा. उघडली तर केबलवाल्याचा आयपीव्ही६ रस्ता बिघडलाय.

तरीही अडलं, तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे लाइनीला मिळालेला नेटवरचा पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकाच आयपीवर अनेक घरं. त्यातल्या कुणाच्या उपद्व्यापामुळे बँकेने तो आयपी अडवला असेल, तर राउटरमध्ये काहीही करून उपयोग नाही. केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, मागा. बहुधा वेगळे पैसे सांगेल. फोन करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, नाहीतर तो फक्त राउटर बंद-चालू करायला सांगेल. पिंगचे आकडे आणि वॅन आयपी व्हॉट्सॲप करा.