संशोधन करणारे प्राध्यापक ओळखायचे कसे? लॅबची किल्ली कोणाकडे असते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलमध्ये एम.टेक. झालंय, चार वर्षं हिंजवडीच्या बाजूला साइटवर क्वालिटीचं काम बघताय, आणि आता पुण्यातल्या एखाद्या तंत्रविद्यापीठात पीएचडी करायची आहे. प्राध्यापकांची यादी बघितली तर प्रत्येकाच्या नावापुढे पन्नास-साठ पेपर. खरं संशोधन कोण करतं आणि कोण नुसते पेपर काढतं, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?

मी पुण्यातच काँक्रीटवर पीएचडी केली, अकरा वर्षं शिकवते आहे आणि सध्या माझ्याकडे तीन विद्यार्थी पीएचडी करताहेत. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलं आहे. तुम्ही पेपर मोजायला सुरुवात केली आहे, ते थांबवा. त्या विभागाची लॅब संध्याकाळी पाचनंतर कोण उघडी ठेवतं, तेवढं आधी शोधून काढा.

हे का म्हणते ते सांगते. माझी पहिली नोंदणी दुसऱ्या एका संस्थेत होती, नाव घेत नाही. विषय होता क्रश सँडचं काँक्रीट. आपल्याकडे नदीची वाळू मिळेनाशी झाली आणि बेसॉल्ट फोडून केलेली वाळू साइटवर आली. २०१६ साली आयएस ३८३ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकात, अशा वाळूला रीतसर जागा मिळाली, पण मी सुरुवात केली तेव्हा प्रत्येक खाणीची वाळू वेगळी वागायची आणि त्यावर विश्वासाने बोट ठेवता येईल असं फार थोडं हाताशी होतं. दाणे टोकदार, बारीक भुकटी जास्त, पाणी जास्त मागणार. प्रश्न खरा होता. गाईडही नावाजलेले होते, पेपरांची यादी लांबलचक.

आमची एक चाचणी असते, सळ्या गंजवणारं क्लोराइड काँक्रीटमधून किती सहज आत शिरतं ते बघायची. १०० मिमी व्यासाची, ५० मिमी जाडीची चकती कापायची, निर्वात करून तिच्यात पाणी मुरवायचं. नुसतं मुरवायलाच साधारण १८ तास जातात. मग एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइड, आणि मधून ६० व्होल्ट सहा तास सोडायचे. दर अर्ध्या तासाला करंटचं रीडिंग. सकाळी चकत्या बसवून, कडा सील करून चाचणी चालू करेपर्यंत साडेअकरा-बारा व्हायचेच. म्हणजे संपणार सहाला. लॅब बंद व्हायची सव्वापाचला.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "शेवटची दोन रीडिंग अंदाजाने भर, ग्राफ सरळच तर जातो." ग्राफ सरळ जात नाही. द्रावण तापत जातं तसा करंट चढतो, आणि काँक्रीट जितकं पोकळ तितका जास्त चढतो. म्हणजे जिथे फरक दिसायला हवा, नेमका तोच भाग आम्ही अंदाजाने भरणार होतो. त्या खोलीत उभी असताना मला कळलं की सरांनी ही चाचणी सहा तास बसून कधी बघितलेलीच नाही, आणि तरी त्यांच्या नावावर तिचे आकडे असलेले पेपर आहेत. मी रीडिंग भरली नाहीत. पण बोललेही नाही, सहा-सात महिने गप्प राहिले. दरम्यान माझ्या साहित्य-आढाव्याचा एक पेपर पैसे भरून छापणाऱ्या जर्नलमध्ये गेला. त्यावर माझ्या आधी दोन नावं होती, त्यातल्या एका गृहस्थांना मी भेटलेही नव्हते. शेवटी नोंदणी सोडली. दीड वर्ष गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तुमचं जाऊ नये म्हणून एवढं लिहिते आहे.

दुसऱ्यांदा ज्यांच्याकडे गेले त्या मॅडमच्या नावावर पहिल्या सरांच्या निम्मेही पेपर नव्हते. पहिल्या महिन्यातली गोष्ट. ताकद मोजायला काँक्रीटचे २८ दिवसांचे तीन क्यूब, म्हणजे ठोकळे, मशीनवर दाबून फोडले. आकडे आले ३८.२, ३७.६ आणि ४८.१. मी खूश, तिसरा चांगला आला म्हणून. मॅडमनी सरासरी काढली, ४१.३. तीन क्यूबमधला कुठलाही सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर नसावा, आणि हा होता. त्यांनी विचारलं, "हा टाकीतून कधी काढला?" मला आठवेना. लॅब असिस्टंट मामांनी सांगितलं की तो आदल्या दिवशी मोजायला काढला आणि बाहेरच राहिला. वाळलेला क्यूब ओल्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मॅडमनी तो पूर्ण संच बाद करायला लावला. पुन्हा कास्टिंग, पुन्हा २८ दिवस. "कमी आलेल्या आकड्यावर सगळेच संशय घेतात, जास्त आलेल्यावर तू घ्यायचास," एवढंच म्हणाल्या. त्या स्वतः मशीनजवळ उभ्या राहायच्या, दर वेळी प्लेट ब्रशने साफ करायच्या, आणि फुटलेला क्यूब हातात घेऊन चारी बाजू नीट फुटल्या का ते बघायच्या. लॅबची एक किल्ली त्यांच्या पर्समध्ये असायची.

आता बाहेरून हे कसं ओळखायचं?

शोधगंगा उघडा. गुजरातमधल्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध त्यावर असतात. गाईडच्या नावाने शोधा आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उतरवून घ्या. निष्कर्ष वाचू नका, प्रयोगाचं प्रकरण वाचा. तुम्ही साइटवर चार वर्षं क्यूब फोडले आहेत, तुम्हाला ते लगेच वाचता येईल. किती नमुने केले? वाया गेलेल्या नमुन्यांचा उल्लेख आहे का? उपकरणाचा फोटो त्यांच्याच लॅबमधला आहे की कंपनीच्या कॅटलॉगमधला? सगळे आकडे एका रेषेत सुंदर बसले असतील तर जपून. काँक्रीट इतकं आज्ञाधारक नसतं.

मग ऋणनिर्देशाचं पान. तिथे लॅब असिस्टंटचं नाव असेल, आणि कुठल्या रात्री मदत केली वगैरे काही खरं लिहिलेलं असेल, तर ते काम लॅबमध्ये झालेलं आहे. एखाद्या गाईडच्या तीन विद्यार्थ्यांचे ऋणनिर्देश शब्दशः सारखे असतील तर बाकीची पानंही तशीच निघण्याची शक्यता बरीच.

पेपरांच्या यादीत एकच गोष्ट बघायची: विषयाचा धागा. एक माणूस दहा वर्षं गंजणाऱ्या सळ्यांवरच काम करतोय, प्रश्न हळूहळू खोल जातोय, तर ते संशोधन. या वर्षी काँक्रीट, पुढच्या वर्षी मशीन लर्निंगने हृदयरोग, त्यानंतर सोलर ड्रायर, आणि प्रत्येकावर आठ-आठ नावं, तर विचारा की यात तुमचा भाग कोणता. एच-इंडेक्सवर, म्हणजे पेपर आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेल्या आकड्यावर, फार भिस्त ठेवू नका. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. पण सिव्हिल आणि कॉम्प्युटरची तुलना त्याने होत नाही, कारण कोणत्या विषयात किती लोक लिहितात त्यावर संदर्भांची संख्या ठरते. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य जर्नलची 'केअर' यादीही आता आधाराला नाही. तिचं काम आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातूनच चालायचं, पण २०२५ च्या सुरुवातीला यूजीसीने ती बंद केली.

प्राध्यापकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अन्याय करीन. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४. कागदावर हे बरं दिसतं. त्यात मानांकनासाठी नॅकच्या फायली, एनबीएच्या फायली, अ‍ॅडमिशनचा हंगाम, पेपर सेटिंग, सुपरव्हिजन, तपासणी. जागा रिकाम्या असल्या की तासिका तत्त्वावरच्या लोकांचं वेळापत्रक जुळवणंही त्याच्याच गळ्यात. प्रमोशनला पेपर लागतात आणि प्रयोगाला वेळ लागतो, मग माणूस पेपरचा सोपा रस्ता धरतो. माझे पहिले सर वाईट नव्हते. शिकवायचे उत्तम. कधीतरी त्यांनी लॅबमध्ये जाणं सोडलं आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नाही. म्हणून मी गाईडइतकंच विभागाकडे बघायला सांगते. विभागप्रमुख संशोधकाचा तासांचा लोड हलका करतात का, लॅबला रात्रीची परवानगी मिळते का, बिघडलेलं मशीन किती दिवसांत दुरुस्त होतं, यावर बरंच अवलंबून असतं.

नियमांचं पटकन सांगते. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. गाईडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांची संख्या आणि निवृत्तीचं साल विचारायला लाजू नका. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने काढली, तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती वाचून घ्या.

पुण्यात राहून शिकणाऱ्याला एक मोठा फायदा आहे आणि त्याचा उपयोग बरेच जण करत नाहीत. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, त्याची सुरुवात १९१६ ची; तिथे धरणं-बंदरांच्या प्रतिकृतींवर पाणी सोडून अभ्यास होतो. पाषाण रस्त्यावर १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, अलीकडे आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्थाही आहे. काँक्रीटवाल्याला कधी एक्स-रे डिफ्रॅक्शन लागतं, कधी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. ते प्रत्येक विभागात असत नाही आणि असायची गरजही नाही. चांगल्या गाईडला कुठे फोन करायचा ते माहीत असतं. भेटीत सरळ विचारा की तुमचे विद्यार्थी नमुने घेऊन कुठे कुठे गेलेत.

तंत्रशिक्षणाचं म्हणाल तर हे शहर जुनं आहे. संगम पुलाजवळचं सीओईपी १८५४ मध्ये सुरू झालं, २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रविद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीवरून गेला. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे की एका बॅचचं काम पुढच्या बॅचने उचललं आणि असं कितीतरी वर्षं चाललं. कुठलीही लॅब बघायला गेलात तर हेच शोधा. आधीच्या मुलाची वही नंतरच्या मुलीच्या हातात आहे का? माझ्या मॅडमच्या लॅबमध्ये जुन्या विद्यार्थ्यांची लॉगबुकं कपाटात ओळीने लावलेली होती, कोणीही काढून वाचावी. पहिल्या ठिकाणी सामानाची नोंद असलेलं डेड स्टॉक रजिस्टर सोडून दुसरं रजिस्टर मी बघितलं नाही.

म्हणून अर्ज भरायच्या आधी दोनदा जा. एकदा भेट ठरवून, गाईडला भेटायला. एकदा न सांगता, साडेपाचच्या सुमाराला, लॅबच्या दाराशी. दिवा चालू असेल तर आत जा आणि जो विद्यार्थी असेल त्याच्याशी बोला. सोडून गेलेल्या एखाद्याचा नंबर मिळाला तर त्याच्याशी आधी बोला. आणि लॅब असिस्टंटना चहाला न्या. कोण किती वाजेपर्यंत थांबतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, विचारलं तर ते खरं सांगतात.

तुमच्यासाठी शेवटची एक सूचना, कारण तुम्ही नोकरी करताय. अर्धवेळ पीएचडी करता येते, त्याला कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं, ते आत्ताच मागून ठेवा. त्याच वेळी तुमच्या साइटच्या क्यूब रजिस्टरची प्रत वापरायची लेखी परवानगीही मागा. चार वर्षांचे ७ आणि २८ दिवसांचे आकडे, कुठल्या खाणीची वाळू, कोणता महिना, किती स्लंप (ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते), हे सगळं त्यात असेल. ते रजिस्टर पहिल्या भेटीत टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. काही जण ते बाजूला सरकवतील आणि टायटल काय ठेवायचं ते बोलायला लागतील. एखादे सर किंवा मॅडम मात्र चष्मा लावून पानं उलटतील आणि विचारतील की जुलैमधले आकडे असे का पडलेत, तेव्हा वाळू उघड्यावर होती का. त्यांच्याकडे अर्ज करा.