वाचकांचे प्रश्न : कानाच्या पडद्यावरचा पांढरा डाग आणि हळद

प्रश्न : मी एम.फार्म. करते. पांढऱ्या उंदरांच्या कानाच्या पडद्याला चीर देऊन, तिथे तयार होणारा कडक व्रण करक्युमिनने (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याने) कमी होतो का, हे प्रबंधासाठी तपासायचे आहे. तीन गट ठरवलेत : निरोगी कान, नुसती चीर, आणि चीर व डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले करक्युमिन. एवढे पुरे का?
– विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : पुरे नाही. चीर देऊन नुसते डीएमएसओ घातलेला चौथा गट हवाच, आणि तो नसेल तर प्रयोग सुरूच करू नका. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही म्हणून डीएमएसओ घ्यावे लागते. पण डीएमएसओ स्वतःच हायड्रॉक्सिल मुक्तकण (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील कण) टिपते. व्रण कमी दिसला तर श्रेय हळदीचे की द्रावकाचे, हे तीन गटांत कळणारच नाही. तेल घेतले तरी सुटका नाही. वनस्पती तेलांत ई जीवनसत्त्व असते, तेही मुक्तकण टिपते; शिवाय तेलाचा थर भोकावर बसून हवा अडवतो.

हवा अडणे इतके महत्त्वाचे का? मध्यकर्णात प्राणवायू बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ कमी असतो. पडद्याला भोक पडले की २१ टक्के प्राणवायूची हवा थेट आत जाते, जखमेच्या दाहात मुक्तकण वाढतात, मधला कोलॅजनचा थर काचेसारखा होतो आणि त्यात कॅल्शियम साठते. हाच तो पांढरा डाग. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात उंदरांवर हे दाखवले : प्राणवायू वाढवला की पांढरे डाग वाढतात, मुक्तकण टिपणारी द्रव्ये लावली की कमी होतात. म्हणून औषध चीर दिल्याबरोबर सुरू करा. डाग पक्का झाल्यावर सुरू केलेत तर तो वेगळाच प्रयोग होतो.

चीर मागच्या-वरच्या चतुर्थांशात, सूक्ष्मदर्शकाखाली, सगळ्यांना सारख्याच लांबीची द्या. आधी दोन्ही कान तपासा. ज्याच्या मध्यकर्णात पाणी किंवा पू दिसेल तो उंदीर घेऊ नका आणि हा निकष आधीच लिहून ठेवा. केटामिन-झायलाझिनच्या भुलीत उंदराचे अंग गार पडते, तेव्हा खाली गरम पॅड हवा. थेंबही अंगाइतके कोमट करून घाला. ०.०५ मिली पुरे. जास्त घातले की बाहेर ओघळते, उंदीर पंजाने पुसून ते चाटतो आणि कानातले औषध पोटात जाते. थेंब घातलेला कान काही मिनिटे वर राहील असे उंदराला कुशीवर धरा. याच कारणाने एका कानात औषध घालून त्याच उंदराचा दुसरा कान तुलनेला धरू नये. आणि दोन्ही कान वापरलेत तरी गणितात उंदीर एकच मोजायचा.

आणखी एक अडचण करक्युमिनचीच आहे. पडदा पिवळा होतो, त्यामुळे चीर दिल्यानंतर १५व्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला कुठला गट ते लगेच कळते आणि फिकट डागही त्या पिवळेपणात लपतात. तेव्हा निष्कर्ष डोळ्यांनी दिलेल्या गुणांवर ठेवू नका. सांकेतिक क्रमांकाच्या काचपट्ट्या, गट माहीत नसलेल्या व्यक्तीकडून वाचून घ्या. द्रावण उजेडात बिघडते, ते गडद बाटलीत आणि ताजेच वापरा.

या सगळ्याआधी फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. उंदरांची संख्या कशी काढली याचे गणित तिथे विचारतातच.

प्रश्न : अशाच प्रयोगातल्या पडद्यांना आम्ही व्हॉन कोसा रंग (कॅल्शियमचे साठे काळे दाखवणारा) देतो. डोळ्यांना पांढरा डाग स्पष्ट दिसतो, काचपट्टीवर मात्र काळे काहीच येत नाही.
– लॅब तंत्रज्ञ, वडोदरा

उत्तर : बहुधा कॅल्शियम तुमच्याच हातून धुऊन गेले आहे. कर्णास्थी मऊ करायला ईडीटीए किंवा आम्ल वापरतात. ते हाडातले कॅल्शियम काढते तसे पडद्यावरचेही काढते. मग सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीला बसायला फॉस्फेटच उरत नाही. पडदा हातोडी हाडाच्या दांड्यापासून अलगद सोडवून आधी वेगळा करा आणि मऊ न करता कापा. फॉर्मॅलिन जुने होऊन आम्ल झालेले असेल तरी हेच घडते. १० टक्के, बफर घातलेलेच घ्या. जाडी मोजत असाल तर तिरपा छेद टाळा, त्यात निरोगी पडदाही जाड दिसतो. दर पडद्यावर ठरावीक अनेक जागी मोजून सरासरी काढावी.

प्रश्न : आमच्या मुलाच्या कानात ग्रोमेट (पडद्यात बसवायची छोटी नळी) घातले होते. आता पडद्यावर चुन्यासारखा डाग आहे. त्याची आजी हळदीचे तेल सोडू म्हणते. सोडावे का?
– एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही, कृपा करून सोडू नका. आजींची काळजी आम्हाला समजते, पण वर सांगितलेले प्रयोग ताज्या जखमेत व्रण होऊ न देण्याचे आहेत. जुना डाग विरघळवण्याचे नव्हेत. ग्रोमेट अजून आत असेल किंवा भोक राहिले असेल तर तेल थेट मध्यकर्णात उतरते, तिथे संसर्ग होऊ शकतो आणि आतल्या कानालाही इजा पोचू शकते. ग्रोमेटनंतर असा डाग राहणे नेहमीचे आहे आणि डाग पडद्यापुरताच असेल तर ऐकण्यात बहुधा फरक पडत नाही. मात्र कॅल्शियम आतल्या छोट्या हाडांभोवती साठले तर ऐकू कमी येते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) आणि टिम्पॅनोमेट्री (पडद्याच्या हालचालीची तपासणी) करून घ्या. मुलगा टीव्हीचा आवाज वाढवतो, हाक मारल्यावर पुन्हा विचारतो असे दिसत असेल तर त्यात उशीर करू नका.